गाठ आणि उकल

जुन्या मराठी पत्राच्या आरंभी ‘रा. रा.’ अशी अक्षरे असत. पुढे ज्याला पत्र लिहावयाचे त्याचे नाव येई आणि नावानंतर ‘यांस सा. न. वि. वि.’ असे लिहिलेले असे. आजच्या एखाद्या मुलाच्या हाती असे पत्र पडले, तर ही अक्षरे म्हणजे काहीतरी कोडे आहे, असे त्यास वाटेल. परंतु ज्याला ते पत्र आले होते, त्याला त्यात कोडे मुळीच वाटत नसे. ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजश्री’ आणि ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, हे लिहिणारा जाणत होता आणि वाचणाराही जाणत होता. म्हणून चार अक्षरांत चार शब्द मावत. शाई वाचे, कागद वाचे, वेळ वाचे. आणि तरीही नमस्कारात काही उणे राहत नसे.

एकाने मजकूर आवळून पाठवावा आणि दुसऱ्याने तो उलगडून जसाच्या तसा वाचावा, ही युक्ती अशी जुनी आहे. हल्ली संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर ‘झिप’ नावाची जी फाइल येते, ती याच युक्तीचे नवे रूप होय. ही फाइल कशी बांधली जाते, कशी उघडते आणि तिचा जन्म कोणत्या गरजेतून झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पत्राच्या मायन्याहून या युक्तीचे अधिक स्पष्ट उदाहरण तारेत सापडते. तारेचा आकार शब्दांवर घेतला जाई. दिवाळीच्या, वाढदिवसाच्या, लग्नकार्याच्या शुभेच्छा तारेने पाठविण्याची पद्धत आपल्या देशात फार लोकप्रिय होती. अशा शुभेच्छांची वाक्ये बहुधा ठराविकच असत. म्हणून तारखात्याने त्या वाक्यांची एक यादी तयार केली आणि प्रत्येक वाक्यास एक क्रमांक दिला. तार करणाऱ्याने केवळ क्रमांक सांगावा, तारेच्या तारांवरून केवळ तो क्रमांक जावा आणि पलीकडच्या कार्यालयातील कारकुनाने यादी पाहून पूर्ण वाक्य लिहून द्यावे, अशी ती व्यवस्था होती. १४ जुलै २०१३ हा भारतातील सार्वजनिक तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. त्या दिवसापर्यंत कित्येक नवविवाहित जोडप्यांना अशा एका अंकातून शुभेच्छा मिळाल्या.

या व्यवस्थेतील खरी मेख कोठे होती? ती दोन्ही टोकांना असलेल्या यादीत होती. पलीकडच्या कारकुनाजवळ यादीच नसती, तर त्याच्या हाती नुसता एक अंक उरला असता. त्याच्याजवळ निराळी यादी असती, तर लग्नघरी नव्या वर्षाच्या शुभेच्छा जाऊन पोहोचल्या असत्या. मजकूर लहान करणे हे अर्धेच काम होय. तो पुन्हा पूर्ण करण्याची रीत दुसऱ्याच्या हाती असणे, हे उरलेले अर्धे काम होय.

आता संगणकाकडे वळू. १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरात बर्फाचे मोठे वादळ झाले. रस्ते बंद पडले आणि माणसे घरांत अडकून राहिली. त्या शहरात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस हे दोन संगणकप्रेमी मित्र होते. एकमेकांना भेटणे कठीण झाले, तेव्हा मंडळातील सभासदांना निरोप ठेवण्यासाठी संगणकावरच एक सूचनाफलक का उभारू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दारात जसा फलक असतो, तसाच. परंतु तो दूरध्वनीवरून वाचावयाचा. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी हा संगणकीय सूचनाफलक सुरू झाला.

त्याची रचना साधी होती. एका घरात संगणक असे आणि तो दूरध्वनीच्या तारेला जोडलेला असे. दुसऱ्या घरातील माणूस आपल्या संगणकावरून त्या क्रमांकास फोन लावी. दोन्ही टोकांना मोडेम नावाचे एक उपकरण असे. संगणकाचे अंक आवाजाच्या सुरांत बदलून ते तारेवर सोडावयाचे आणि आलेल्या सुरांचे पुन्हा अंक करावयाचे, हे मोडेमचे काम. फोन लागला, की पाहुणा फलकावरील निरोप वाची, आपला निरोप ठेवी आणि तेथे ठेवलेल्या फाइली आपल्याकडे उतरवून घेई. घरात एकच फोन असेल, तर एका वेळी एकच पाहुणा येऊ शके. बाकीच्यांना खोळंबून राहावे लागे.

पुढे असे सूचनाफलक जगभर हजारोंनी निघाले. आपल्या देशातही १९९० नंतरच्या काही वर्षांत ते चालत असत. मुंबईतील ‘लाइव्ह वायर’ आणि अतुल चिटणीस यांनी बंगळूर येथे चालविलेला ‘सीआयएक्स’ हे फलक त्या काळच्या संगणकप्रेमींना चांगले परिचित होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्यानंतर सूचनाफलकांची गरज हळूहळू संपली. परंतु त्यांनी जगाला दिलेली एक वस्तू मागे राहिली. ती म्हणजे आवळलेली फाइल.

फाइल आवळण्याची गरज का पडली, हे थोड्या हिशेबाने ध्यानी येईल. पहिल्या सूचनाफलकाच्या काळातील मोडेम सेकंदाला सुमारे ३० अक्षरे पाठवीत असे. पुढील दहाएक वर्षांत हा वेग सेकंदाला सुमारे २४० अक्षरांवर आला. त्या वेळी प्रचारात असलेल्या एका फ्लॉपी चकतीत ३६० किलोबाइट, म्हणजे ३,६८,६४० अक्षरांएवढा मजकूर मावे. एवढा मजकूर पहिल्या वेगाने पाठवावयाचा म्हटले, तर जवळजवळ ३ तास २५ मिनिटे लागत. दुसऱ्या वेगाने सुमारे साडेपंचवीस मिनिटे लागत. फोनचा आकार मिनिटांवर वाढे, आणि गाव जितके दूर तितका तो जड होई. लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या गावाहून मुंबईस फोन लावून कोणी अशी फाइल घ्यावयाची ठरविली असती, तर प्रत्येक मिनिट त्याच्या खिशाला जाणवले असते. तीच फाइल आवळून निम्मी करता आली, तर वेळ निम्मा आणि खर्चही निम्मा होई. शिवाय बाहेर खोळंबलेल्या दुसऱ्या पाहुण्याची पाळी लवकर येई.

परंतु मजकूर निम्मा करणे म्हणजे त्यातील निम्मा टाकून देणे नव्हे. मराठवाड्यातील मुलांनी कापसाची गाठ पाहिलेली असते. सरकी काढलेली रुई मोकळी असली, की ती खोलीभर पसरते. तीच रुई यंत्रात दाबून बांधली, की १७० किलो वजनाची एक आटोपशीर गाठ होते. रुईचे वजन तसूभरही कमी होत नाही. कमी होते ती तिच्यात भरलेली हवा. मजकुरातही अशी एक प्रकारची हवा असते. तिचे नाव पुनरुक्ती. तेच शब्द, तीच अक्षरे, तेच आकडे पुन:पुन्हा येतात. ही पुनरुक्ती काढून घेणे आणि ती पुन्हा कोठे भरावयाची याची खूण ठेवणे, हेच फाइल आवळण्याचे काम होय.

हे काम कसे चालते, ते एका नोंदवहीवरून पाहू. देवणी हे गाव आपल्या नावाच्या गोवंशामुळे देशभर प्रसिद्ध आहे. देवणी गाय दुधाला चांगली आणि देवणी बैल नांगराला व गाडीला चांगला, असा हा दुहेरी उपयोगाचा वंश आहे. त्यात तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. सर्वांगी पांढरा तो बाळंक्या. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असलेला तो शेवेरा. एखाद्या गुरांच्या बाजारात आलेल्या जनावरांची नोंद एक कारकून करीत आहे, अशी कल्पना करा.

बाजारात लागोपाठ वीस बाळंक्या आले. कारकुनाने वीस ओळींवर ‘बाळंक्या, बाळंक्या’ असे लिहिण्याऐवजी ‘बाळंक्या २०’ एवढेच लिहिले. वाचणाऱ्याला वीस ओळी पुन्हा मांडता येतात. एकही जनावर हरवत नाही. ही पहिली आणि सर्वांत सोपी रीत. एकच चिन्ह लागोपाठ येते, तेथे ती उपयोगी पडते. जनावरे सरमिसळ आली, की ती लंगडी पडते.

दुसरी रीत याहून चतुर आहे. समजा, कारकुनाला लिहावयाचे आहे: ‘देवणी गाय पांढरी, देवणी गाय दुधाळ.’ पहिले तीन शब्द त्याने पूर्ण लिहिले. चौथ्या शब्दाशी आल्यावर त्याच्या ध्यानात आले, की हेच दोन शब्द मागे येऊन गेले आहेत. म्हणून त्याने तेथे एक सूचना लिहिली: ‘तीन शब्द मागे जा आणि तेथून दोन शब्द उतरून घे.’ त्यापुढे ‘दुधाळ’ हा नवा शब्द लिहिला. दोन शब्दांच्या ओळीत ही सूचनाच मोठी दिसते. परंतु संगणकात अशी सूचना दोन लहान आकड्यांत बसते, आणि मागे येऊन गेलेला तुकडा वीस-पंचवीस अक्षरांचा असेल, तर मोठीच बचत होते. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या इस्राएलमधील दोन शास्त्रज्ञांनी १९७७ व १९७८ मध्ये या रीतीची मांडणी केली. या रीतीचा मोठा गुण असा, की वेगळी यादी पाठवावी लागत नाही. तारखात्याला वाक्यांची यादी आधीच छापून ठेवावी लागली होती. येथे जो मजकूर उलगडून झाला, तोच पुढच्या मजकुराची यादी होतो.

तिसरी रीत खुणांच्या लांबीची आहे. संगणक सर्व काही ० आणि १ या दोन अंकांत लिहितो. अशा एका अंकास बिट म्हणतात. तीन प्रकारच्या जनावरांना सारख्या लांबीच्या खुणा द्यावयाच्या, तर बाळंक्याला ००, वानेऱ्याला ०१ आणि शेवेऱ्याला १० अशा दोन-दोन अंकांच्या खुणा द्याव्या लागतील. आठ जनावरांच्या नोंदीस १६ अंक लागतील. आता समजा, त्या आठांत चार बाळंक्या, दोन वानेरा आणि दोन शेवेरा आहेत. जो वारंवार येतो त्याला आखूड खूण द्यावी, जो क्वचित येतो त्याला लांब खूण द्यावी, असे ठरवू. बाळंक्या ०, वानेरा १० आणि शेवेरा ११. आता चार बाळंक्यांना ४, दोन वानेऱ्यांना ४ आणि दोन शेवेऱ्यांना ४, असे एकूण १२ अंक पुरतात.

येथे कोणी शंका घेईल, की काही खुणा आखूड आणि काही लांब असल्या, तर एक खूण कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे वाचणाऱ्याला कसे कळणार? समजा, नोंद अशी आहे: ०१००११००१०११. डावीकडून वाचा. पहिला अंक ०, म्हणून बाळंक्या. नंतर १ आला. १ ही स्वतंत्र खूण नाही, म्हणून पुढचा अंक पाहावा लागतो. तो ० आहे, म्हणून १०, वानेरा. नंतर ०, बाळंक्या. नंतर ११, शेवेरा. नंतर ० आणि ०, दोन बाळंक्या. नंतर १०, वानेरा. शेवटी ११, शेवेरा. आठही जनावरे क्रमाने पुन्हा उभी राहिली. कोणतीही खूण दुसऱ्या खुणेचा आरंभ होऊ नये, एवढा एक नियम पाळला, की मध्ये जागा सोडण्याचीही गरज उरत नाही.

अशा खुणा अचूक कशा ठरवाव्यात, याचे उत्तर एका विद्यार्थ्याने शोधून काढले. १९५१ मध्ये डेव्हिड हफमन हा तरुण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रसंस्थेत शिकत होता. रॉबर्ट फानो या त्याच्या प्राध्यापकांनी वर्गाला सांगितले, की ज्यांना शेवटची परीक्षा द्यावयाची नसेल त्यांनी एक प्रश्न सोडवून निबंध लिहावा. सर्वांत आखूड खुणा कशा तयार कराव्यात, हा तो प्रश्न होता. त्याचे पूर्ण उत्तर तोपर्यंत कोणालाच सापडले नव्हते. हफमनने बराच काळ डोके खपविले आणि नाद सोडून देण्याच्या बेतात असतानाच त्याला उत्तर सुचले. सर्वांत क्वचित येणाऱ्या दोन चिन्हांची जोडी लावावी, त्या जोडीला एकच चिन्ह समजावे आणि सर्व चिन्हे एकत्र येईपर्यंत हेच करीत जावे, एवढे सोपे ते उत्तर होते. १९५२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आजच्या झिप फाइलीत लेंपेल-झिव्ह यांची मागे पाहण्याची रीत आणि हफमनची आखूड खुणांची रीत, अशा दोन्ही एकापुढे एक वापरलेल्या असतात.

रीती ठाऊक झाल्या, तरी एक मोठी अडचण उरली होती. सूचनाफलकांवर निरनिराळ्या माणसांनी केलेल्या निरनिराळ्या गाठी येऊ लागल्या. प्रत्येक गाठ सोडण्यास तिचाच प्रोग्रॅम लागे. फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेल्या तीन अक्षरांवरून ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे लागे. तासभर फोन लावून फाइल उतरवावी आणि मग ती उघडण्याचे साधनच आपल्याजवळ नाही असे कळावे, असा प्रसंग नवख्यांवर वारंवार येई.

१९८५ मध्ये टॉम हेंडरसन यांच्या कंपनीने ‘आर्क’ नावाची पद्धत काढली. अनेक फाइली एकत्र करून त्या आवळण्याची सोय तीत होती, म्हणून ती सूचनाफलकांवर फार पसरली. मिलवॉकी शहरातील फिल कॅट्झ या तरुणाने त्याच प्रकारच्या फाइली अधिक वेगाने बांधणारा आणि सोडणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यावरून १९८८ मध्ये हेंडरसन यांच्या कंपनीने कॅट्झवर खटला भरला. अखेर तडजोड झाली आणि कॅट्झला तो प्रोग्रॅम सोडून द्यावा लागला. त्याने नवी पद्धत तयार केली आणि १९८९ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. झपाट्याने जाणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून तिला ‘झिप’ असे नाव मिळाले.

या वेळी कॅट्झने एक महत्त्वाची गोष्ट केली. झिप फाइलीत कोणता आकडा कोठे असतो आणि त्याचा अर्थ काय, याचे सविस्तर वर्णन त्याने सर्वांसाठी प्रसिद्ध केले. ते वाचून कोणालाही झिप फाइल बांधणारा किंवा सोडणारा स्वत:चा प्रोग्रॅम लिहिता येत होता. अनेक स्वयंसेवकांनी तसे प्रोग्रॅम लिहिले आणि ते निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर फुकट उपलब्ध करून दिले. गाठ बांधणाऱ्याने गाठ सोडण्याची रीत चव्हाट्यावर मांडली, म्हणून त्याची गाठ जगभर चालली. १४ एप्रिल २००० रोजी फिल कॅट्झ अवघ्या ३७ व्या वर्षी मरण पावला. परंतु त्याच्या पद्धतीच्या फाइली उघडणे त्यामुळे एक दिवसही थांबले नाही. कारण किल्ली त्याच्या एकट्याच्या खिशात नव्हती.

आता झिप फाइल उघडण्याची रीत पाहू. जुन्या काळी पडद्यावर ‘पीकेअनझिप’ हा शब्द आणि त्यापुढे फाइलीचे नाव टंकावे लागे. हल्ली फाइलीवर बोट ठेवून किंवा कळ दाबून ‘अनझिप’ किंवा ‘एक्स्ट्रॅक्ट’ ही आज्ञा निवडली, की काम होते. तरीही जुन्या लोकांचे काही शहाणपण आजही लागू आहे. प्रथम एक रिकामा फोल्डर करून फाइल त्यात उलगडावी. नाहीतर गाठीतून निघालेल्या शंभर फाइली घरभर उडालेल्या रुईप्रमाणे इतर फाइलींत मिसळून जातात. उलगडण्यापूर्वी आत काय आहे याची यादी पाहावी. प्रत्येक झिप फाइलीच्या शेवटी अशी यादी असते. चकतीवर किंवा भ्रमणध्वनीत पुरेशी जागा आहे ना, हेही पाहावे. कारण बांधलेली गाठ लहान असली, तरी सुटलेली रुई मोठी असते.

गाठ पूर्ण आणि निर्दोष आली की नाही, हे संगणकाला कसे कळते? दूरध्वनीच्या तारेवर खरखर झाली, की ० चा १ किंवा १ चा ० होई. क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्येच यावर उपाय शोधला होता. त्यांच्या रीतीत १२८ अक्षरांचा एक तुकडा पाठवीत आणि त्यातील सर्व अंकांच्या बेरजेवरून काढलेला एक ताळा त्यामागून पाठवीत. घेणारा संगणक स्वत: बेरीज करी, ताळा जुळला नाही, तर तोच तुकडा पुन्हा मागवी. झिप फाइलीतही प्रत्येक फाइलीसाठी असाच, परंतु अधिक काटेकोर, ताळ्याचा आकडा ठेवलेला असतो. उलगडून झाल्यावर तो जुळला नाही, तर फाइल बिघडली आहे असे संगणक सांगतो.

ताळा जुळला म्हणजे गाठ वाटेत बिघडली नाही, एवढेच सिद्ध होते. ती सज्जन माणसाने पाठविली आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. १९९५ च्या सुमारास सूचनाफलकांवर कॅट्झच्या प्रोग्रॅमची ‘नवी आवृत्ती’ म्हणून एक फाइल फिरू लागली. प्रत्यक्षात ती आवृत्ती त्याच्या कंपनीने काढलेलीच नव्हती. ती चालविणाऱ्याच्या चकतीवरील सर्व मजकूर पुसून टाकण्यासाठी कोणी दुष्टाने ती रचली होती. अनोळखी माणसाकडून आलेली गाठ उघडू नये आणि उघडलीच तर तिच्यातील प्रोग्रॅम चालवू नये, हा धडा तेव्हाचा आहे. तो आजही जुना झालेला नाही.

आवळण्यालाही मर्यादा आहे. एकदा दाबलेली गाठ पुन्हा यंत्रात घातली, तर ती आणखी निम्मी होत नाही. कारण हवा निघून गेलेली असते. झिप केलेली फाइल पुन्हा झिप केली, तर ती फारशी लहान होत नाही. कधी कधी तर किंचित मोठीच होते. याचे कारण साध्या हिशेबात आहे. ०० , ०१, १० आणि ११ असे दोन अंकांचे चार निरोप होतात. त्या चारही निरोपांना एकाच अंकात लिहू म्हटले, तर ० आणि १ अशा दोनच खुणा मिळतात. चार निरोप दोन खुणांत बसविले, तर वाचणाऱ्याला कोणता निरोप कोणता, हे ओळखता येणार नाही. म्हणून प्रत्येक फाइल लहान करील अशी युक्ती कधीच निघू शकत नाही. ज्यात पुनरुक्ती आहे, तेच आवळता येते.

छायाचित्रे आणि गाणी यांच्या बाबतीत निराळी रीत चालते. छायाचित्रातील आभाळाच्या निळ्या रंगाची एखादी बारीक छटा गाळली, तर डोळ्यांना ती जाणवत नाही. म्हणून तेथे थोडे सोडून देऊन फाइल फार लहान करतात. मात्र जे सोडून दिले, ते पुन्हा मिळत नाही. मजकुराच्या बाबतीत असे चालत नाही. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरील क्षेत्रातून एक शून्य गळले किंवा विद्यार्थ्याच्या गुणपत्रकातील ८१ चे १८ झाले, तर ती किरकोळ चूक म्हणून सोडून देता येईल काय? म्हणूनच झिप फाइल जशी बांधली, तशीच सुटली पाहिजे. एका बिटाचाही फरक तिला मान्य नाही.

किल्ली हरवली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पेशवे दप्तरातील लक्षावधी कागद मोडी लिपीत आहेत. भरभर लिहिण्यासाठी त्या लिपीत अक्षरे एकमेकांना जोडून लिहीत आणि ‘परगणे’ या शब्दासाठी ‘प॥’ किंवा ‘कसबे’ या शब्दासाठी ‘क॥’ अशा खुणा करीत. त्या काळी कारकुनापासून कुळकर्ण्यापर्यंत सर्वांना त्या ठाऊक होत्या. मोडी शाळांतून नाहीशी झाली आणि ती वाचणारे थोडे उरले. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. परंतु जाणकारावाचून ते मुके आहेत. म्हणून आज मोडी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी एका बंद दप्तराची किल्ली पुन्हा घडवीत असतो.

देवणीतील एखाद्या शाळेच्या संगणकावर आज झिप फाइल आली, तर ती क्षणार्धात उघडते. ती उघडणाऱ्या मुलाला शिकागोचे वादळ, मोडेमचा आवाज किंवा फोनचा आकार यांची आठवण होण्याचे कारण नाही. परंतु ती फाइल अगदी आरंभापासून वाचू गेल्यास तिच्यात पहिली दोन इंग्रजी अक्षरे ‘पी’ आणि ‘के’ अशी आढळतात. ती फिल कॅट्झ या नावाची आद्याक्षरे होत. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर उतरविले जाणारे ॲप आणि संगणकावर ‘वर्ड’ने लिहिलेला दस्तऐवज, हेही आतून झिपच्याच गाठी असतात; त्यांच्याही आरंभी हीच दोन अक्षरे असतात. आपली रीत खुली ठेवणाऱ्या माणसाची ही सही आज कोट्यवधी माणसे नकळत आपल्या खिशात बाळगीत आहेत.